आठवड्याची गोळी : सोरायसिसच्या औषधांची मात्रा चढते कशी, उतरते कशी

(नाशिक येथे झालेल्या जाहीर व्याख्यानाचे शब्दांकन. बोलण्याचा ओघ शक्यतो तसाच ठेवला आहे.)

सोरायसिस म्हणजे काय, यावर आज आम्ही फार वेळ घालवणार नाही. ज्यांच्या घरात तो आहे त्यांना लाल चट्टे, त्यावरचे चंदेरी पापुद्रे, अंथरूण झटकलं की पडणारा कोंडा, हे सगळं आमच्यापेक्षा जास्त ठाऊक आहे. दोनच गोष्टी सांगून पुढे जातो. हा आजार स्पर्शाने होत नाही. आणि हा कुष्ठरोग नाही. जुन्या वैद्यकात त्वचेच्या अनेक विकारांना मिळून ‘कुष्ठ’ हा एकच शब्द होता, त्यामुळे हा घोळ अजून लोकांच्या डोक्यातून जात नाही. असो.

आजचा विषय त्यापुढचा आहे. मलमं झाली, अंगभर पसरलेले चट्टे काही हटत नाहीत, आता पोटात गोळी द्यायची असं डॉक्टर म्हणतात. मग पेशंट विचारतो, ‘एवढीशीच का दिली? जोराची द्या की.’ दोन महिन्यांनी तोच पेशंट म्हणतो, ‘आता बरं वाटतंय, बंद करू का?’ या दोन प्रश्नांच्या मध्ये जे घडतं, ते आज बोलायचं आहे.

आधी एक प्रसंग सांगतो. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

निफाडकडचे एक काका, साठीच्या आसपासचे, द्राक्षाची बाग असलेले. त्यांना मेथोट्रेक्सेट नावाची गोळी आठवड्यातून एकदा घ्यायला सांगितली होती आणि फॉलिक ॲसिडची गोळी बाकीच्या दिवशी. पहिला महिना ठीक गेला. दुसऱ्या महिन्याच्या गोळ्या पुतण्याने दुसऱ्या गावातून आणल्या. दोन्ही गोळ्या लहान, दोन्ही पिवळट. कुणीतरी पाकिटावर पेनाने लिहून दिलं, रोज सकाळी एक. झालं, अदलाबदल झाली. आठवड्याची गोळी रोज पोटात जाऊ लागली आणि रोजची गोळी आठवड्याला.

पाच-सहा दिवसांनी काकांना तोंड आलं. आपल्याकडे तोंड आलं की काय म्हणतात? ‘उष्णता झाली.’ मग सब्जा, गुलकंद, तूप. बागेचं काम जोरात होतं, त्यामुळे ‘दगदग झाली’ हेही झालं. दहाव्या दिवशी जुने चट्टे सोलल्यासारखे ओले, दुखरे झाले आणि ताप आला, तेव्हा त्यांना आणलं. रक्तातल्या पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट दोन्ही धोक्याइतक्या खाली गेल्या होत्या. दवाखान्यात ठेवावं लागलं, फॉलिनिक ॲसिडची इंजेक्शनं द्यावी लागली. काका वाचले. पण या चुकीने जगभर माणसं दगावली आहेत. युरोपच्या औषध नियामक संस्थेने २०१९ मध्ये याच एका चुकीसाठी खास उपाययोजना जाहीर केली, खोक्यावर ठळक इशारा देण्यासकट.

आता ही गोळी नेमकी काय आहे ते बघू. तिची गोष्ट आपल्या मुंबईपासून सुरू होते, हे फार जणांना माहीत नसतं.

१९२८ साली लुसी विल्स नावाच्या इंग्लिश डॉक्टर मुंबईत आल्या. कापडगिरण्यांत काम करणाऱ्या गरोदर बायकांना एक विचित्र ॲनिमिया होत होता, त्याचं कारण शोधायला. परळच्या हाफकिन संस्थेत त्यांचं काम चाललं. त्यांना आढळलं की यीस्टचा अर्क, म्हणजे मार्माइट नावाचा साधा खाण्याचा पदार्थ दिला की या बायका सुधारतात. १९३१ मध्ये त्यांनी ते प्रसिद्ध केलं. त्या अर्कात जे काही होतं, त्याला पुढे ‘विल्स फॅक्टर’ म्हणू लागले आणि नंतर तेच फॉलिक ॲसिड म्हणून ओळखलं गेलं. नव्या पेशी तयार व्हायला ते लागतं. गर्भाला लागतं, रक्ताला लागतं, तोंडाच्या आणि आतड्याच्या अस्तराला लागतं.

पुढे अमेरिकेत लेडर्ली कंपनीच्या प्रयोगशाळेत, आपल्या आंध्रातले येल्लाप्रगडा सुब्बाराव ज्या संशोधनाचे प्रमुख होते तिथे, १९४५ च्या सुमारास फॉलिक ॲसिड कृत्रिमरीत्या तयार झालं. आणि त्याच गटाने त्याची उलटी औषधंही बनवली. दिसायला फॉलिक ॲसिडसारखी, पण पेशीत शिरून त्याचं काम अडवणारी. बोस्टनच्या सिडनी फार्बरनी त्यातलं ॲमिनोप्टेरिन रक्ताच्या कॅन्सरच्या लहान मुलांना दिलं, ते वर्ष १९४८ च्या आसपासचं. आणि १९५१ मध्ये गब्नर आणि सहकाऱ्यांनी नोंदवलं की संधिवातासाठी हे औषध दिलेल्या रुग्णांत ज्यांना सोरायसिसही होता, त्यांची कातडी साफ झाली. ॲमिनोप्टेरिन फार तीव्र होतं. त्याचा जरा सौम्य भाऊ म्हणजे मेथोट्रेक्सेट. तो आज सत्तर वर्षांनंतरही सोरायसिसच्या गोळ्यांत पहिल्या रांगेत आहे, आणि स्वस्त आहे, हेही आपल्याकडे कमी महत्त्वाचं नाही.

म्हणजे बघा, गिरणीतल्या बायांना ज्याने तारलं त्याच्याच विरोधातलं हे औषध आहे. ते जास्त झालं तर काय होईल? त्या बायांना जे झालं होतं ते, आणि त्याहून वाईट. रक्त कमी, तोंड आलेलं, जुलाब. काकांना नेमकं तेच झालं.

मग आठवड्यातून एकदाच का? निरोगी कातडीचा वरचा थर पूर्ण बदलायला साधारण महिना लागतो. सोरायसिसच्या चट्ट्यात हेच काम चार-पाच दिवसांत उरकतं, म्हणून तर पापुद्रे साचतात. त्यामागे शरीराच्या संरक्षक पेशी विनाकारण चेतवलेल्या असतात. आठवड्याला एक छोटी मात्रा दिली तर या चेतलेल्या पेशींना लगाम बसतो, आणि मधल्या सहा दिवसांत अस्थिमज्जा, आतडं, तोंडाचं अस्तर स्वतःची डागडुजी करून घेतात. रोज दिलं तर डागडुजीला सवड मिळत नाही. सुरुवातीच्या काळात काही ठिकाणी हे औषध रोज थोडंथोडं देऊनही पाहिलं होतं, तेव्हा लिव्हरला जास्त इजा होताना दिसली.

आता पायऱ्या. इथले आकडे तुम्हाला पद्धत कळावी म्हणून सांगतो आहोत, घरी जाऊन वापरायला नव्हे. वजन, वय, किडनी यांवर प्रत्येकाचा आकडा वेगळा असतो.

सुरुवात अनेकदा अडीच किंवा पाच मिलिग्रॅमच्या चाचणी मात्रेने होते. मग साधारण आठवड्याने रक्त तपासायचं. काही माणसांच्या पेशी एवढ्याशा औषधानेही झपकन उतरतात. विशेषतः वयस्कर माणसं आणि ज्यांची किडनी मुळात मंद आहे ती. कारण हे औषध मुख्यतः लघवीवाटे बाहेर पडतं. ते ठीक दिसलं की आठवड्याला साडेसात, मग दोन-चार आठवड्यांनी दहा, मग साडेबारा, मग पंधरा. बऱ्याच जणांचं काम दहा ते पंधराच्या दरम्यान होतं. वरची मर्यादा साधारण पंचवीस. पण पंधराच्या पुढे तोंडाने घेतलेली गोळी पोटातून तितक्या प्रमाणात शोषली जात नाही, म्हणून तिथे आम्ही कधी डोस विभागून देतो, कधी इंजेक्शनकडे वळतो.

आणि हे सगळं करताना आम्हाला धीर धरावा लागतो, तुम्हालाही. औषध पेशींच्या आत हळूहळू साठत जातं. पहिला फरक दिसायला चार ते आठ आठवडे, पूर्ण परिणाम कळायला चार महिने, कधी सहा. दर आठवड्याला मात्रा वाढवली तर मागच्या पायरीचा परिणाम दिसण्याआधीच आपण दोन पायऱ्या वर गेलेलो असतो. ‘जोराची द्या’ याला उत्तर हे आहे.

पायरी चढताना रक्ताच्या तपासण्या कशाला, असं विचारतात लोक. खर्च होतो, मान्य. पण नाशिककरांना हे समजवायला सोपं जातं. पावसाळ्यात गंगापूर धरणातून पाणी सोडलं की आपण काय बघतो? दुतोंड्या मारुती. पाणी गुडघ्याला आहे, कमरेला आहे की छातीला. आकाशाकडे बघून पूर कळत नाही, मारुतीकडे बघून कळतो. आमचा मारुती म्हणजे सीबीसी, लिव्हरच्या चाचण्या आणि क्रिएटिनिन. सुरुवातीला दर दोन-चार आठवड्यांनी, मात्रा स्थिरावली की दोन-तीन महिन्यांनी. माणूस ठणठणीत दिसतो आणि पेशी उतरलेल्या असतात, असं होतं. तपासणी न करता जुन्याच चिठ्ठीवर वर्षभर गोळ्या आणणारे पेशंट आम्हाला भेटतात. त्यांचा राग येतो तेवढाच त्यांना गोळ्या देणाऱ्यांचाही येतो.

औषध सुरू करण्याआधी छातीचा एक्स-रे आणि कावीळ बी, सी यांची तपासणी करतो. आपल्या देशात क्षयाचे जंतू अंगात झोपून असलेली माणसं खूप आहेत, प्रतिकारशक्तीला लगाम घातला की ते जागे होऊ शकतात.

दारूबद्दल नाशिकमध्ये बोलायलाच हवं. आपण वाइनचं गाव म्हणून मिरवतो. पण मेथोट्रेक्सेट आणि दारू दोघांचा भार एकाच लिव्हरवर पडतो. डायबेटिस आणि पोटाचा घेर असेल तर लिव्हरमध्ये चरबी आधीच असते, मग भार तिप्पट. ‘फक्त रविवारी घेतो’ हे वाक्य आम्हाला रोज ऐकू येतं. रविवारीसुद्धा नको. निदान खरं तरी सांगा, म्हणजे मात्रा त्या बेताने ठरवता येते.

दुसरी औषधं. सर्दी-तापाला मेडिकलमधून आणलेल्या गोळ्यांत सल्फाची एक आहे, को-ट्रायमॉक्सॅझोल. ती मेथोट्रेक्सेटबरोबर गेली तर पेशी कोसळू शकतात, कारण दोघंही फॉलिक ॲसिडच्याच मार्गावर बसतात. अंगदुखीच्या गोळ्याही मनाने नकोत, त्या किडनीवाटे औषध बाहेर जाणं मंदावतात. जुलाब-उलट्या होऊन अंगातलं पाणी कमी झालं असेल तर त्या आठवड्याची गोळी घेण्याआधी डॉक्टरांना फोन करा. गर्भारपणात हे औषध बिलकुल चालत नाही. मूल हवं असेल, तर नवरा असो वा बायको, गोळी आधीच बंद करावी लागते, किती महिने आधी ते डॉक्टरांशी बसून ठरवा.

बाकी गोळ्यांविषयी थोडं थोडं. ॲप्रिमिलास्ट आपल्याकडे २०१७ पासून मिळते. हिची पायरी फार छोटी, सहा दिवसांची. पहिल्या दिवशी सकाळी दहा मिलिग्रॅम, मग रोज दहा-दहाने वाढवत सहाव्या दिवशी तीस सकाळी, तीस संध्याकाळी. कारण वेगळं आहे. इथे पेशींची भीती नसते, मळमळ आणि जुलाब होतात म्हणून पोटाला सवय लावायची. ज्यांचं पोट फार नाजूक, त्यांना आम्ही ही चढण दोन-तीन आठवडेही लांबवतो. किडनी फारच खराब असेल तर रोज एकच तीसची.

सायक्लोस्पोरिनची मात्रा वजनावर. किलोमागे अडीच-तीन मिलिग्रॅमपासून, पाचच्या वर जायचं नाही. हिचा परिणाम झटपट, दोन-चार आठवड्यांत. म्हणून अंगभर पेटलेला सोरायसिस विझवायला ती कामाची. पण ब्लड प्रेशर आणि क्रिएटिनिनवर डोळा ठेवायचा. क्रिएटिनिन आधीपेक्षा पाव हिश्श्याने चढलं तरी मात्रा कमी करतो. बहुतेक वेळा काही महिन्यांचाच कोर्स. इथे एक गंमत सांगतो. या औषधाबरोबर ग्रेपफ्रूट खाऊ नका असं माहितीपत्रकात असतं. एका बागायतदाराने ते वाचून स्वतःच्या बागेतली द्राक्षं खाणं सोडलं होतं! ग्रेपफ्रूट म्हणजे द्राक्ष नव्हे हो. ते लिंबाच्या कुळातलं फळ. आपल्याकडचं पपनस त्याचं जवळचं नातेवाईक, ते टाळा. द्राक्षं खुशाल खा.

ॲसिट्रेटिन ही अ जीवनसत्त्वाच्या घराण्यातली गोळी. ओठ कोरडे पडले की आम्हाला कळतं औषध लागू होतंय, आणि ओठ फुटून रक्त येऊ लागलं की कळतं पायरी जरा उंच झाली. पुढे मूल होण्याची शक्यता असलेल्या स्त्रीला ही आम्ही देत नाही. बंद केल्यावरही तीन वर्षं गर्भ राहू द्यायचा नसतो.

आता जिथे खरं थांबायचं आहे तिथे येऊ. स्टेरॉइडच्या गोळ्या. प्रेडनिसोलोन, डेक्सामेथासोन, बेटामेथासोन. सोरायसिसला या दिल्या की आठ दिवसांत कातडी लखलखीत होते. पेशंट खूश, गावात डॉक्टरचं नाव होतं. काही ठिकाणी नाव-गाव नसलेल्या पुड्यांतूनही हे पोटात जातं आणि पेशंटला वाटतं झाडपाल्याचा गुण आला. मग पुडी संपते, किंवा माणूस ‘बरं झालं’ म्हणून बंद करतो. आणि सोरायसिस उसळून परत येतो, आधीपेक्षा जास्त. कधी साध्या चट्ट्यांऐवजी अंगभर पुवाच्या बारीक फोडांची रास उठते, थंडी वाजून ताप येतो. त्याला पस्ट्युलर सोरायसिस म्हणतात. हा जिवावर बेतणारा प्रकार आहे.

मग अशी पुडी किंवा गोळी तुमच्या कुणाच्या घरात चालू असेल तर? आमचं हे ऐकून उद्या सकाळी एकदम बंद करू नका. हे नीट ऐका. बरेच आठवडे बाहेरून स्टेरॉइड मिळालं की शरीर स्वतःचं बनवणं थांबवतं. एकदम तोडलं तर चक्कर, उलट्या, रक्तदाब कोसळणं, हेही होतं. आम्ही काय करतो? आधी दुसरं औषध सुरू करतो, मेथोट्रेक्सेट, सायक्लोस्पोरिन किंवा ॲसिट्रेटिन, जे त्या माणसाला चालेल ते. ते पाय रोवेपर्यंत स्टेरॉइड चालू ठेवतो. मग उतरायला लागतो. वरच्या मात्रा जरा भराभर कमी करता येतात, पण शेवटच्या पाच-साडेसात मिलिग्रॅमला सगळ्यात जास्त वेळ लागतो. तिथे आठवडे जातात. घाटाच्या खालच्या पायऱ्या शेवाळलेल्या असतात ना, तसं. आणि पुडी टाकून देऊ नका, घेऊन या. काय होतं त्यात याचा अंदाज आला तर उतरण ठरवता येते.

मेथोट्रेक्सेट उतरवताना अशी भीती नसते, पण घाईही नको. कातडी काही महिने साफ राहिली की अडीच-अडीच मिलिग्रॅमने, महिना-दोन महिन्यांच्या अंतराने कमी करत जातो. जिथे पुन्हा कोपरावर, डोक्यात खुणा दिसू लागतात, त्याच्या एक पायरी वर थांबतो. ती तुमची मात्रा. कुणाची शून्यावर येते, कुणाची साडेसातवर राहते, त्यात कमीपणा काही नाही. आणि शक्यतो ही उतरण कार्तिकात सुरू करत नाही. निफाडचा पारा घसरला की कातडी कोरडी पडते, सोरायसिस तसाही डोकं वर काढतो. मग मात्रा कमी केली म्हणून वाढला की थंडीने वाढला, हे आम्हालाही सांगता येत नाही. उतरायला फाल्गुन-चैत्र बरा.

काही चिठ्ठ्या आल्या आहेत, त्यांतल्या दोन घेतो.

पहिली : ‘आठवड्याची गोळी विसरली तर?’ दोन दिवसांच्या आत आठवलं तर घ्या. त्याहून उशीर झाला तर तो आठवडा सोडून द्या, पुढच्या वारी नेहमीएवढीच घ्या. दुप्पट कधीही नाही. आणि गोळ्या मोजताना मिलिग्रॅम वाचा. आपल्याकडे ही गोळी अडीचची मिळते, पाचची, साडेसातची, दहाचीही मिळते. ‘मी तीन घेतो’ याला काही अर्थ नाही. तीन अडीच म्हणजे साडेसात, तीन दहा म्हणजे तीस.

दुसरी एका आजींची आहे : ‘माझी गोळी गुरुवारची आणि माझा उपवासही गुरुवारचा. रिकाम्या पोटी मळमळतं. काय करू?’ आजी, उपवास सोडू नका, वार बदला. पण पुढे ढकला, मागे ओढू नका. या गुरुवारऐवजी शुक्रवारी जेवण करून घ्या आणि मग दर शुक्रवारीच. दोन डोसांत सात दिवसांपेक्षा कमी अंतर पडता कामा नये. आमचे काही पेशंट बुधवारी घेतात, बुधवारचा बाजार आणि बुधवारची गोळी, म्हणजे विसरत नाही. तुम्ही कॅलेंडरवरच्या सगळ्या शुक्रवारांना आत्ताच गोल करून ठेवा, गोळी घेतली की त्यावर फुली. आणि फॉलिक ॲसिडची पट्टी वेगळ्या डब्यात, शक्यतो स्वयंपाकघरात. शुक्रवारची गोळी कपाटात. नातवंडांना त्या कपाटाला हात लावू देऊ नका. आणि आजी, तोंड आलं तर गुलकंद नंतर खा, आधी आम्हाला फोन करा.